चाळीस ताटं, नुसता भात

दुमागेते
सोमवार, ४ मार्च २०२४

प्रिय बेबांग,

'सौ. जेनोवेवा बालोस यांस' असा मायना घातलेला कागद आत्ताच फाडला. तुला 'तुम्ही' म्हणून तीन ओळी झाल्या होत्या आणि तिसरीला माझं मलाच हसू आलं. जिने कमरेइतक्या पाण्यात उभं राहून मला 'सोड तो कठडा, मेल्या, तलाव काही पळून जात नाही' असं पाच-पंचवीस लोकांदेखत ऐकवलं, तिला अहोजाहो करण्याइतका सुसंस्कृत मी अजून झालेलो नाही. तेव्हा तूच. न रुचल्यास तुझ्या मायेलकडून निरोप धाड, पुढच्या पत्रात सुधारणा करीन.

इकडे सर्व ठीक. आई नोव्हेंबरात गेली, ते कानावर आलं असेल. शहाऐंशी वर्षं, शेवटपर्यंत दात स्वतःचे आणि मतंही स्वतःची. मी अजून आपल्या विद्यापीठातच आहे. संस्कृतच्या वर्गात यंदा चार विद्यार्थी. दोघं खोलीतल्या थंड हवेसाठी येतात, तिसरा चौथीसाठी येतो. चौथी मात्र मनापासून शिकते, त्यामुळे तिसऱ्याचं काही खरं नाही. लग्न वगैरे मी केलं नाही, हे तुला ठाऊक आहेच. या दोन गावांच्या मधे समुद्र असला तरी बातम्यांना तिकीट लागत नाही.

आता मुद्दा. पण मुद्द्यावर यायला मला वेळ लागतो, हेही तुला ठाऊक आहे.

गेल्या रविवारी माझा भाचा जोविट, म्हणजे डोलोरचा धाकटा, जेवायला आला होता. मासा अर्धा राहिला तेव्हा म्हणाला, "मामा, मायेलची आई तुमच्याच वेळची ना कॉलेजात?"

"होती."

"ओळख होती?"

"पाण्यापुरती," मी म्हटलं.

"मग आपल्या घराचं नाव निघालं की ती बाई ताटावरून का उठते?"

मी माशाचा काटा काढत बसलो. बेबांग, त्या माशात एवढे काटे नव्हते.

तर जोविट आणि मायेल. मी त्यांना आवारातल्या पिंपरणीच्या रांगेखाली दोन वर्षं पाहतो आहे आणि दोन वर्षं न पाहिल्यासारखं करतो आहे. तो पूल बांधायला शिकला, ती आजाऱ्यांची शुश्रूषा करायला. तो बोलायला लागला की थांबत नाही आणि ती मोजकं बोलून त्याला थांबवते. तुझ्यासारखी हसत मात्र नाही ती. तू हसलीस की ग्रंथालयातल्या म्हाताऱ्या बाई पेन्सिल आपटायच्या.

या दोघांकडे बघून मला आपली जोडी आठवते आणि वाटतं, देवाने त्या वर्षी जोड्या लावताना चष्मा काढून ठेवला असावा. संस्कृतात याला काकतालीय न्याय म्हणतात. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ. शेवटच्या वर्षापर्यंत मी पोहण्याचा सक्तीचा वर्ग चुकवत आलो, आणि त्याच वर्षी त्या वर्गावर मदतनीस म्हणून शिष्यवृत्तीवाली, सागरशास्त्राची, सिकिहोर बेटावरची, कोळ्याची मुलगी नेमली गेली. तुझे दंड माझ्या मांड्यांएवढे होते. अतिशयोक्ती नाही, माझ्या मांड्या तशाच होत्या.

मुलांनी तिसऱ्या दिवसापासूनच चिडवायला सुरुवात केली. आपल्याकडे चिडवून चिडवून जोड्या लावण्याची जी रीत आहे, तिला तोडगा नाही. नाही म्हणावं तर 'लाजला', हो म्हणावं तर 'कबूल'. तुझं बेट जादूटोण्यासाठी बदनाम, मग काय विचारता. "पंडित, तिने दिलेलं पाणी पिऊ नकोस." "पंडित, केस मोजून ठेव, एखादा कमी भरला तर गेलास." आणि तू सरळ सर्वांसमोर माझ्या डोक्यातला एक केस उपटून खिशात टाकलास आणि म्हणालीस, "झालं का समाधान? आता बघा कसा बेडकासारखा पोहतो." मी त्या दिवशी सहा हात पोहलो. जादूने की भीतीने, याचा निर्णय अजून झालेला नाही.

आणखी एक. बाजारातल्या त्या बाकावर सकाळी सहाला केळीच्या पानातला वरीचा गोड भात आणि वाटीभर गरम पातळ चॉकलेट. तू तीन पानं खायचीस आणि माझं अर्धं. मी तुला विशेषणं शिकवायचो, तू मला माशांची नावं. तुझा राक्षसी शिंपल्यांवरचा प्रबंध मी 'सुधारून' दिला होता, आठवतो? 'शिंपले वाळूत बसलेले दिसले' हे तुझं साधं वाक्य मी 'निःस्तब्ध जलराशीच्या तळाशी ते महाकाय जीव ध्यानस्थ आढळले' असं करून ठेवलं. तुझ्या सरांनी समासात लिहिलं, 'कोण वारलं?' तू तो कागद घेऊन माझ्या वर्गात आलीस आणि माझ्याच डोक्यावर त्याची सुरळी हाणलीस. बेबांग, त्यानंतर माझ्या लेखनावर इतकी अचूक समीक्षा कुणी केली नाही.

आपो बेटावर मला शिंपले मोजायला नेलंस. चष्मा दोरीने डोक्याला बांधलेला, पोटात सगळी लाट. तू श्वास कोंडून खाली जायचीस आणि मी होडीत बसून आकडे म्हणायचो. एका वेळी मी एकशे दहापर्यंत पोचलो तरी तू वर येईनास. मग आलीस आणि म्हणालीस, "आवाज चिरका का झालाय तुझा?" तेव्हा मला कळलं होतं. तुलाही कळलं असणार, कारण परतीच्या वाटेवर तू हसली नाहीस.

आमच्या घरी तू पहिल्यांदा आलीस तो प्रसंग मी आठवायला नको, पण लेखणी तिकडे चाललीच आहे. माडाच्या ताडीने फुगवलेली, तुझ्या आईने भाजलेली तोर्ता, तुमच्याकडचा तो गोड केक, आणली होतीस. माझ्या आईने एक तुकडा तोडून आधी कुत्र्याला घातला आणि कुत्र्याकडे बघत उभी राहिली. तू हात जोडून म्हणालीस, "काकू, दहा मिनिटं थांबा, परिणाम सावकाश होतो." मी हसलो, तू हसलीस. आई नाही हसली.

आणि मग ती मे महिन्यातली गोष्ट. जे झालं ते झालं. जुनी माणसं, जुने समज. ती आपल्या काळाप्रमाणे वागली. त्यांच्या वागण्याचा हिशोब त्यांच्या मागे आपण किती काळ मागायचा? आई आता नाही. राग धरायलाही समोर कुणी लागतं.

जोविटच्या घरची माणसं ईस्टरनंतरच्या पहिल्या शनिवारी, ६ एप्रिलला, सकाळच्या बोटीने मागणी घालायला लासीला यायचं म्हणताहेत. रीतीप्रमाणे बोलणी करायला एक वडीलधारा लागतो. भाषेचा माणूस म्हणून त्यांनी मला धरलं आहे. पण मायेल म्हणते, आईने स्पष्ट सांगितलंय, 'जगातला कुठलाही मुलगा आण, कॉन्सोर्सिया एलुम्बाच्या घरातला नको.' म्हणजे माझ्या आईच्या. पोरगी तुझा शब्द मोडणार नाही. पोरगा जेवत नाही. जेवत नाही म्हणजे माझ्याकडे जेवत नाही, घरी काय करतो ते डोलोर जाणे.

बेबांग, या दोन मुलांनी आपलं काय बिघडवलंय? क्रिस्पिनला, तुझ्या नवऱ्याला, नमस्कार सांग. तो इंजिनं दुरुस्त करतो असं ऐकतो. बंद पडलेल्या गोष्टी कशा चालू करायच्या हे त्याला तरी ठाऊक असेल. दार उघड, एवढंच मागणं.

तुझ्या पोहण्याच्या वर्गातला सर्वांत अपयशी विद्यार्थी,
पोलिकार्पो


लासी
११ मार्च

पंडित,

पत्र मिळालं. मी वाचलं, क्रिस्पिनने वाचलं. शेजारणीने मागितलं, तिला दिलं नाही. क्रिस्पिन म्हणाला, माणूस लिहितो छान, पण इंजिनाचा आवाजच येत नाही.

तुला सगळं आठवतं. केस आठवतो, शिंपले आठवतात, कुत्रा आठवतो. एका शनिवारची गोष्ट मात्र तू 'जे झालं ते झालं' म्हणून उरकलीस. म्हणून मी सांगते. रीत अशी की मुलाकडच्यांनी सगळं जेवण आणायचं आणि मुलीकडच्यांनी फक्त भात लावायचा. आम्ही चाळीस माणसांचा भात लावला. बाबांनी चाळीस ताटं मांडली. मी धक्क्यावर उभी होते. बोट आली, माणसं उतरली, आणि तिकीट फाडणाऱ्याने माझ्या हातात चिठ्ठी दिली. दोन शब्द. 'आईला पसंत नाही.' चाळीस माणसांनी मिठाबरोबर भात खाल्ला. बाबा नंतर वर्षभर त्या विषयावर बोलले नाहीत. पुढच्या वर्षी वारले.

सोमवारी मी तुमच्या दारात आले. तुझी आई बाहेर आली. मी विचारलं, खरं आहे का? ती म्हणाली, खरं आहे, तुझ्यासारखी आमच्याकडे नको. आणि फाटक लावून घेतलं.

माझी मुलगी त्या घरात जाणार नाही. ती बाई मेली असेल, पण घर तिचंच आहे. आता तरी कुणी मला सांगावं, मी असं काय केलं होतं? ते जो सांगेल त्याच्यासाठी दार उघडीन. नुसत्या छान पत्रासाठी नाही.

बेबांग


दुमागेते
शनिवार, १६ मार्च २०२४

बेबांग,

तू काही केलं नव्हतंस. आधी हे लिहितो, म्हणजे पुढचं वाचायचं की नाही ते तुझं तुला ठरवता येईल.

लग्नात नव्या जोडप्याला अरुंधतीचा तारा दाखवतात ना, तिकडे, पुण्याकडे तशी रीत आहे. तो तारा बारीक असतो. म्हणून आधी शेजारचा मोठा दाखवायचा, मग म्हणायचं, हा नव्हे, याच्या बाजूचा. मागच्या पत्रात मी तुला मोठमोठे तारे दाखवत बसलो. तुझ्या पत्राने विचारलं, तो बारीक कुठे आहे. तर तो असा.

एकवीस मे चौऱ्याण्णव. आई पहाटे उठली होती. आदल्या दिवशीच तिने निळा पोशाख खळ घालून कडक करून ठेवला होता, जो ती फक्त पाहुण्या बिशपसाठी घालायची. अख्खं डुक्कर भाजून, केळीच्या पानांत गुंडाळून तीनचाकी रिक्षात घातलं. त्याचे पाय बाहेर आणि आमच्या बेर्तोमामांचे पायही बाहेर, कारण आत जागा नव्हती. मामा बोलणी करणार होते. वाटभर ते 'आपल्या अंगणातलं फूल' असं काहीतरी घोकत होते आणि दर वळणावर विसरत होते. आई त्यांना आठवण करून देत होती. हो, आईच. तिने ते भाषण पाठ केलं होतं. मामा अडले तर सांगता यावं म्हणून.

तोर्ता कुत्र्याला घालणारी तीच बाई. पण तू त्यानंतर सहा वेळा आमच्याकडे आलीस. चौथ्या वेळी तू न विचारता तिच्या स्वयंपाकघरात शिरलीस, तिचा बोथट सुरा दगडावर घासून दिलास आणि म्हणालीस, "काकू, या सुऱ्याने तुम्ही मासा कापत नव्हता, समजूत घालत होता." तू गेल्यावर ती बराच वेळ सुरा हातात घेऊन बसली. मग म्हणाली, "या मुलीला घरात आणायला हरकत नाही. घरात एकाला तरी काम यायला पाहिजे." उरलेली तोर्ताही तिनेच संपवली होती, हे मी तुला कधी सांगितलं नाही. तिने सांगू नकोस म्हटलं होतं. मत बदललं की ते लपवायचं, ही तिची सवय.

आम्ही साडेपाचला धक्क्यावर पोचलो. बोट सहाची. माझ्या खिशात एक पत्र होतं. पुण्याहून आलेलं, अकरा दिवसांपूर्वीचं. दोन वर्षं संस्कृत शिकायची शिष्यवृत्ती, राहणं-खाणं त्यांचं, जूनच्या पंधरा तारखेला हजर व्हायचं. ते पत्र मी तुला दाखवलं नव्हतं. कुणालाच दाखवलं नव्हतं. अकरा दिवस मी स्वतःला सांगत होतो की आज सांगू, उद्या सांगू, मागणी झाल्यावर सांगू. धक्क्यावर बोटीची शिडी लागली आणि मी आईला म्हटलं, "नको जाऊया."

ती आधी हसली. तिला वाटलं, बोट लागते म्हणून म्हणतोय.

"पाण्याला घाबरलास?"

"नाही."

"तिला घाबरलास?"

"नाही."

मी पत्र काढून दिलं. तिने चष्मा न लावताच वाचलं, म्हणजे वाचलं नाही, पण समजली. म्हणाली, "मग जा की. तिला सांग, दोन वर्षं थांब. ती थांबेल. दगडासारखी पोरगी आहे ती."

आणि इथे, बेबांग, तो बारीक तारा. मला ठाऊक होतं की तू थांबशील. तू म्हणाली असतीस, 'जा रे पंडित, मी आहे इथेच, शिंपले कुठे पळताहेत.' मग मला परत यावं लागलं असतं. जिची कुवत माझ्याहून मोठी, जिचा श्वास माझ्याहून लांब, जी माझं प्रत्येक वाक्य ऐकून 'कोण वारलं' विचारणार, अशा बाईच्या शेजारी आयुष्यभर उभं राहायचं होतं. चिडवणारी मुलं म्हणायची, पंडितावर तिने काहीतरी टाकलंय. तसं असतं तर बरं होतं. टोणा असता तर उतरला असता. मी शुद्धीवर होतो आणि मला सोपं आयुष्य हवं होतं.

हे सगळं मी आईला तेव्हा म्हणालो नाही. मला तेव्हा ते कळलंही नव्हतं. मी फक्त बाकावर बसलो आणि उठेना. बोटीचा भोंगा झाला. बेर्तोमामा डुकराशेजारी उभे राहून विचारत होते, "चढायचं की नाही? हे गार होतंय." आई माझ्या शेजारी बसली. खळीचा पोशाख तिने हाताने सारखा केला.

म्हणाली, "तिला काय कळवशील?"

मी पुण्याचं पत्र तिच्या हातून घेऊन घडी घालायला लागलो.

"तू नाही म्हणालास असं कळलं तर ती मोडेल," आई म्हणाली. "मी नाही म्हणाले असं कळलं तर नुसती चिडेल. चिडलेलं माणूस जगतं. त्या बेटावर माझ्याबद्दल तसंही बरं मत नाही. लिही माझं नाव."

मी लिहिलं. दोनच शब्द नव्हते, तीन होते. तू एक विसरलीस किंवा पहिला मोजलाच नाहीस. पहिला शब्द 'आईला' होता. माझं अक्षर त्या दिवशीही सुरेख आलं.

डुक्कर आईने धक्क्यावरच्या हमालांना वाटून टाकलं. त्यांनी विचारलं, काय आहे आज? ती म्हणाली, "माझ्या मुलाचा सण आहे." त्या वेळी लासीला तुम्ही भात काढत होतात. ते मला तुझ्या पत्रापर्यंत ठाऊक नव्हतं. तुझ्या बाबांचंही. आम्ही आलो नाही म्हणजे जेवण आलं नाही, एवढी साधी गोष्ट, रीत पाठ असलेल्या मला तीस वर्षांत एकदाही सुचली नाही. मी कल्पनेत तुला नेहमी एकटीच धक्क्यावर उभी केली. एकटी बरी दिसत होतीस. मागे चाळीस माणसं होती, हे मी पाहिलंच नाही.

आणि सोमवार. तू फाटकाशी आलीस तेव्हा मी घरातच होतो. वरच्या खोलीत, शिंपल्यांच्या तावदानांची ती सरकती खिडकी, तिच्या मागे. तुझे केस ओले होते, म्हणजे पहिल्या बोटीने आणि पुढच्या बाजूला बसून आली होतीस. आईने वर एकदा पाहिलं. मला वाटतं, ती शेवटची संधी देत होती. मी जिना उतरलो नाही. मग ती तुला जे बोलली ते मी शब्द न् शब्द ऐकलं. वर येऊन ती म्हणाली, "बोलले. आता भांडी घास." मी घासली. तिने दोन दिवस अन्नाला हात लावला नाही आणि विचारलं तर म्हणायची, उकाडा आहे.

पुण्यात माझ्या घरमालकीणबाई फार चौकस होत्या. "घरी कोण कोण असतं? लग्नाचं काय?" मी म्हणायचो, ठरलं होतं, आईच्या मनात नव्हतं. त्या चुकचुकायच्या आणि भाकरी जास्त वाढायच्या. ती गोष्ट मी तिथे तीन भाषांत सांगितली. संस्कृतातही. खोटं त्या भाषेत फार भारदस्त ऐकू येतं. परत आल्यावर इथेही तीच गोष्ट चालू राहिली आणि हळूहळू सगळ्या घराची झाली. डोलोर तेव्हा मनिलात नोकरीला होती. तिने परतल्यावर आईला तोंडावर विचारलं, "दादाचं आयुष्य का नासवलंस?" आई म्हणाली, "मला नाही पटलं." डोलोर किती वर्षं तिच्याशी कामापुरतं बोलायची. मी मधे जेवायचो आणि दोघींना मीठ द्यायचो.

आईने मला एकदाही टोचलं नाही. तीस वर्षांत एकदाच, एका संध्याकाळी समुद्रकाठच्या रस्त्यावर आम्ही बसलो होतो, हवा स्वच्छ होती, पलीकडे तुमचं बेट दिसत होतं. शेजारी बसलेल्या एका पर्यटक बाईने विचारलं, तिकडे काय आहे? आई म्हणाली, "माझी एक सून राहते तिथे." मी तिच्याकडे पाहिलं नाही. ती शेंगदाणे सोलत होती.

ती गेली तेव्हाही मी बोललो नाही. तेव्हा तर फारच सोपं होतं, कारण ती गोष्ट नाकारणारं आता कुणी उरलंच नव्हतं. मागचं पत्र लिहिताना मी त्याच सोयीवर टेकून बसलो होतो. 'जुनी माणसं, जुने समज.' ते वाक्य लिहून मला समाधान वाटलं होतं, हेही सांगून टाकतो. चांगलं उतरलं होतं ते.

काल हे सगळं मी डोलोरला आणि जोविटला बसवून सांगितलं. जोविट म्हणाला, "मामा, तुम्ही मला आजीबद्दल काय काय बोलू दिलंत." डोलोर स्वयंपाकघरात गेली. तिथे बराच वेळ भांड्यांचा आवाज आला. बाहेर येऊन म्हणाली, "मी त्या बाईच्या शेवटच्या दुखण्यात तिचे पाय चेपले ते कर्तव्य म्हणून चेपले, कार्पो. कर्तव्य म्हणून." आणि परत आत गेली. मला तिने जेवायला थांब म्हटलं नाही. तिच्या घरातून मी पहिल्यांदाच उपाशी आलो.

आता ६ एप्रिलच्या शनिवारचं. बोलणी करायला मी येणार नाही. जो स्वतःसाठी बोटीची शिडी चढला नाही, त्याने दुसऱ्यासाठी चढून गोड बोलणं शोभत नाही. आणि मी चांगलं बोललो असतो ही त्यातली खरी अडचण. डोलोर बोलेल. तिला दोन वाक्यांपलीकडे येत नाही, ती खरी असतात. जेवण सगळं आमच्याकडून येईल, आणि या वेळी भातही. रीतीविरुद्ध आहे, पण बोट दिसेपर्यंत तुमच्याकडे चुलीवर पाणी चढू नये असं मला वाटतं. दार उघडायचं नसेल तर उघडू नकोस. जोविटला मी सांगून ठेवलंय की तसं झालं तर तुझ्यावर राग धरायचा नाही, तो माझ्यावर धरायचा, मी जवळच राहतो.

फक्त एक. नाही म्हणायचं असेल तर माझ्यामुळे म्हण. मायेलला सांगताना माझं नाव घे. कॉन्सोर्सिया एलुम्बाचं घेऊ नकोस. तिने तुला नको म्हटलं नव्हतं. तुला नको म्हणणारा खिडकीमागे उभा होता.

या पत्राचं उत्तर मागत नाही. क्षमाही मागत नाही, कारण ती तू दिलीस तर मी तिच्यावरही छान काहीतरी लिहीन. उद्या रविवार. चर्चनंतर डोलोरबरोबर आईच्या कबरीवर जायचं आहे. हेच पत्र तिथे मोठ्याने वाचायचं, असं तिने सांगितलं आहे. म्हणून सही झाली की त्याची नक्कल काढीन. वाचून झाल्यावर मूळ कागद मायेलच्या हाती देईन.

कॉन्सोर्सिया एलुम्बाचा मुलगा,
पोलिकार्पो